पाण्याखालची सोयरीक

मी मुळात कमी बोलणारा माणूस. बोलायला लागलो तरी इतका सावकाश, की ऐकणारा मधेच तंबाखू मळून घेतो. त्यामुळं माझ्या गोष्टी खर्चच होत नाहीत. लोकांच्या सांगून सांगून संपतात, माझ्या साठून राहतात. त्यातल्या बऱ्याचशा एका केबलच्या आहेत. ती आमच्या गावाहून धरणाच्या पाण्याखालून पलीकडं डोहवाडीला गेली, आणि जाताना दोन्ही गावांचं डोकं बरोबर घेऊन गेली.

आधी जागा सांगतो. आमचं गाव शेवगाव तालुक्यात, फुगवट्याच्या काठाला. फुगवटा म्हणजे धरण भरलं की मागं पसरतं ते पाणी. त्याच्या पलीकडं डोहवाडी. होडीनं गेलं तर समोर, रस्त्यानं गेलं तर अर्ध्या जिल्ह्याला वळसा.

माझी एकुलती लेक मंगल डोहवाडीला दिलेली आहे. आमच्याकडं जुनी रीत अशी, की लेकीला लेकरू होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. मंगलला लेकरू नाही. तिची आई तशीच गेली. मी जातो तेव्हा माझी पाण्याची बाटली पिशवीत घालून जातो. मंगल तरी पाण्याचा पेला भरून पुढं ठेवते, आणि मी उठलो की परत नेते. आम्ही दोघंही त्याबद्दल बोलत नाही.

डोहवाडीला योजनेतून उन्हावर चालणाऱ्या प्लेटा मिळाल्या होत्या. दिवसा लाईट सांडून जाईल इतकी, आणि दिवेलागणीला बॅटऱ्या बसल्या की अंधार. आमच्याकडं उलटं. दुपारी सगळ्यांच्या मोटारी चालू झाल्या की लाईट गुडघे टेकायची, रात्री मात्र भरपूर. म्हणून कंपनीनं ठरवलं, पाण्याखालून केबल टाकायची आणि दोन्ही गावं जोडायची. ऊसतोडीतून माझं अंग थकलेलं होतं. मला त्या केबलची राखण करायचं काम मिळालं.

*

इंजिनिअर मॅडम कोपरगावच्या. वयानं माझ्या मंगलपेक्षा लहान, आवाज मात्र खणखणीत. त्यांनी मारुतीच्या देवळात बैठक घेतली. म्हणाल्या, "घाबरायचं काही नाही. जगात देशच्या देश समुद्राखालून केबल टाकून जोडलेत. एकाकडं वारा जास्त सुटला की त्याची वीज दुसऱ्याकडं जाते. दुसऱ्याकडं जास्त झाली की पहिल्याकडं येते."

पुढं तात्या बसले होते. तात्या म्हणजे गावातलं सगळ्यात म्हातारं माणूस. रीतीरिवाजाच्या बाबतीत गाव त्यांच्या शब्दाबाहेर नाही. त्यांनी विचारलं, "मागायला कोन जातं?"

"कुणीच नाही. आपोआप जाते-येते."

"आन आमी दिली, आमी दिली, असं कुनी बोलून दाखवतं का?"

"नाही हो."

तात्यांनी जरा वेळ डोळे मिटले. "अडीनडीला यायचं, बोलून न्हाई दाखवायचं, आन दोघांच्या मधी पानी. म्हंजी ही सोयरीक हाय."

मॅडम सकाळपासून बोलून बोलून दमलेल्या होत्या. म्हणाल्या, "हो, तसंच समजा."

लोक उठायला लागले तेवढ्यात सोनामावशींनी हात वर केला. गावातली लग्नं, बारशी, डोहाळजेवणं, सगळी त्यांच्या हातून होतात. म्हणाल्या, "बाई, पान्यातनं जाताना लाईट वली न्हाई का व्हनार?"

"नाही मावशी. केबलवर जाड आवरण असतं. एकावर एक."

"मग ठीक हाय," मावशी म्हणाल्या. "पदर हाय म्हना की."

मॅडम यालाही हो म्हणाल्या. पुढचं सगळं त्या दोन होकारांमुळं झालं.

*

केबल आली ती लाकडी ड्रमला गुंडाळून, मोठ्या ट्रेलरवरून. ड्रम माणसाच्या डोक्यावरून जाईल एवढा. तो आमच्या काठाला उतरला, म्हणून आम्ही आपोआप मुलीकडचे झालो.

मी ड्रमशेजारी खाट टाकली. दुसऱ्या दिवशी पलीकडून होडी आली. डोहवाडीचे गेनबा आणि चार माणसं, सगळ्यांच्या टोप्या परीटघडीच्या. गेनबा म्हणजे तिकडचे तात्याच. मी म्हणालो, "का आलात?"

"बघायला," गेनबा म्हणाले.

त्यांनी ड्रमला एक फेरी मारली. फळ्यांच्या फटीतून आत बघितलं. "सावळी हाय," एकजण म्हणाला. "पन अंगानं सुदृढ हाय," दुसरा म्हणाला. मग गेनबा माझ्याजवळ खाटेवर टेकले आणि हळूच म्हणाले, "तुमी हिच्याजवळ ऱ्हाता. सोभावानं कशी हाय?"

मी विचार केला आणि खरं ते सांगितलं. "गप असती."

गेनबांना ते फार आवडलं.

तोवर सोनामावशींनी पोहे पाठवले. तेवढ्यात मॅडम आल्या. त्यांना भूक लागली होती, त्यांनीही बशी घेतली. गेनबा त्यांना म्हणाले, "आमाला पसंत हाय."

मॅडम खाता खाता म्हणाल्या, "असं नाही चालत. टेस्टिंग झाल्याशिवाय मी काही सांगू शकत नाही."

गेनबा आपल्या माणसांकडं वळले. "पत्रिका जुळवायची ऱ्हायलीय."

*

मार्गशीर्षात केबल टाकली. तिचं टोक होडीला बांधायचं, मागं मागं रिकामी प्लास्टिकची पिंपं बांधत जायची म्हणजे केबल तरंगत पलीकडं जाते, आणि मग पिंपं सोडून तिला तळाला बसवायची, असं काम होतं. पलीकडून दोर ओढायला ऊसतोडीची माणसं उभी होती.

मॅडम घड्याळ बघत होत्या आणि इकडं सोनामावशी केबलची ओटी भरत होत्या. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सगळं टोकाला बांधलं. मॅडम म्हणाल्या, "मावशी, तिथं फक्त दोर बांधायचा असतो." मावशी म्हणाल्या, "मोकळ्या ओटीनं कशी धाडू?"

नवीन सुनेबरोबर माहेरची एखादी बाई सोबतीला पाठवतात, तिला पाठराखीण म्हणतात. होडीत केबलचं टोक धरून बसायला आमचा बाळू वायरमन होता. मिशा अशा, की त्यावर लिंबू ठेवावं. मावशींनी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं आणि सांगितलं, "पोरीला एकटं वाटू देऊ नको."

बाळू तिकडं उतरला तेव्हा त्याचे पाय धुतले. डोहवाडीच्या डीपीला मुंडावळ्या बांधलेल्या होत्या. डीपी म्हणजे खांबावरची लाईटीची पेटी, तीच नवरदेव. बाळूला गोडधोडाचं जेवण मिळालं. संध्याकाळी परत यायचं ठरलं होतं, पण पाठराखीण असं लगेच परतत नाही म्हणून तो तिकडंच राहिला. मॅडमनी फोन केला तर म्हणाला, "मॅडम, अजून ती रुळली न्हाई."

मला मात्र वेगळंच आठवतं. पिंपं एक एक करून सोडली तशी केबल हळूहळू पाण्याखाली गेली. मंगल याच काठावरून होडीत बसून गेली होती. मी ड्रमकडं बघितलं. रिकामा ड्रम फार मोठा दिसतो.

*

उन्हाळ्यापर्यंत सगळं छान चाललं. रात्री पलीकडं दिव्यांची ओळ दिसायची. त्यातला मंगलचा कोणता, ते मला ओळखू यायचं.

चैत्रात भर दुपारी मॅडम आल्या. तात्या देवळात पंख्याखाली बसले होते. मॅडमनी सगळ्यांना तिथंच बोलावून फोनवर मीटरचा बाण दाखवला. त्या खुशीत होत्या. "बघा, रात्री हा बाण तिकडं असतो. आता दुपारी इकडं आहे. म्हणजे या क्षणाला डोहवाडीची वीज आपल्याकडं येतेय."

तात्यांनी वर बघितलं. "म्हंजी ह्यो पंखा?"

"डोहवाडीच्या उन्हावर चाललाय."

तात्या उठले, भिंतीपाशी गेले, आणि त्यांनी पंख्याचं बटन बंद केलं.

मॅडमना वाटलं, त्यांना गार लागलं असेल. तात्या म्हणाले, "लेक दिली त्या घरचा वारा आमी घेत न्हाई."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. दुसऱ्या दिवसापासून भर उन्हात आमच्या गावात एक पंखा फिरेना. माणसं उपरण्यानं वारा घेत दारात बसलेली. पिठाची गिरणी दिवस बुडाल्यावर सुरू व्हायची. मोटारींवर धुळीचा थर बसला.

मॅडमनी हात जोडले. "अहो तात्या, वीज एकदा मिसळली की कोणती कुणाची ते मलासुद्धा सांगता येणार नाही."

तात्या म्हणाले, "पानी बी मिसळतं, बाई. म्हनून काय लेकीच्या घरचं प्यायचं?"

तात्यांच्या उत्तराला सगळे हसले. मी हसलो नाही. माझी बाटली तेव्हा माझ्याजवळ होती.

*

त्याच दिवसांतली गोष्ट. तात्या किराणा दुकानात गेले. घसा कोरडा पडला होता. फ्रीजमधली ताकाची पिशवी मागितली, हातात घेतली, गालाला लावून बघितली.

"ही गार कवा झाली?"

दुकानदार हुशार. म्हणाला, "रातच्याला, तात्या. आपलीच हाय."

तात्यांनी पिशवी फोडली. अर्धी प्यायल्यावर थांबले. "पन आता दुपार हाय. गार ठिवली कुनी?"

दुकानदारानं बराच विचार केला. "गार केली आपन. त्यांनी नुसती राखली."

"राखायला हरकत न्हाई," असं म्हणून तात्यांनी उरलेली संपवली.

*

पंखे बंद केल्याची गोष्ट पलीकडं कळली आणि गेनबा भडकले. "आमच्या लाईटीत काय किडं पडलंत का?" असा निरोप आला. पाठोपाठ दुसरा आला, की तुम्हाला आमची दिवसाची नको तर आम्हाला तुमची रात्रीची नको, खटका खाली पाडतो. म्हणजे डोहवाडीत पुन्हा अंधार. मला मंगलचा दिवा दिसायचा तोही जाणार.

बोलणी करायची ठरली, पण कुठं? तात्या तिकडं गेले तर पाणी पुढं येणार, आणि ते त्यांना घेता येणार नाही. गेनबा इकडं यायला तयार नाहीत, कारण अपमान त्यांचा झालेला. शेवटी दोन्हीकडून एक एक होडी निघाली आणि पाण्याच्या मधोमध थांबली. खाली तळाला केबल.

आमच्या होडीत तात्या आणि मी. त्यांच्या होडीत गेनबा, आणि वल्हं मारायला माझा जावई दत्तू. मंगलही आली होती, तेवढंच मला बघायला.

गेनबा म्हणाले, "तात्या, सून आनली आन व्याही आमच्या दारचा वारा बी घेत न्हाई. आमी त्वांड कुठं दावायचं?"

"मी काय करू, गेनबा? रीत हाय. लेकीच्या घरचं कसं घ्यावं?"

"मग कवा घेनार?"

"लेकरू झाल्यावर."

"केबलीला?"

होड्या एकमेकींना टकटक लागत होत्या. दत्तू पाण्याकडं बघत होता.

मग मंगल बोलली. "मॅडम म्हनत हुत्या, आमच्या वाडीपासून पुढं माळावरच्या वस्तीला एक फाटा काढायचाय. तिथं एक बारकी डीपी बसनार हाय." जराशी थांबली. "ते तिचं लेकरूच झालं की."

कोणी तिच्याकडं बघितलं नाही. माझ्याकडंही नाही. तात्यांनी पाण्यात हात घातला, ओला हात डोळ्यांवरून फिरवला. मग मार्गशीर्षापासून बोटांवर महिने मोजायला लागले. बोटं पुढं पावसाळ्यापर्यंत गेली, तिथं थांबली.

"दिवस बी बरोबर भरत्यात," तात्या म्हणाले.

*

आखाडात केबल रुसली. लाईट यायची, झपकन जायची. बाळू मशीन घेऊन दोन्ही काठांना फिरला. कुठं काही सापडेना.

सोनामावशींनी त्याला गाठलं. "कुठं हुडकतो? आखाड लागलाय. नवी सून आखाडात माहेरी असती. आन ही तर दोन जिवांची. कुनी न्यायला गेलं का?"

बाळू दमलेला होता. म्हणाला, "मावशी, पान्यातनं उपसून आनू का तिला?"

"उपसायची कशाला? तिकडचा खटका सोडीव. इकडचा बी सोडीव. घटकाभर कुनाचीच न्हाई, नुसती पडून ऱ्हाऊ दे."

बाळूनं पलीकडं फोन करून तिकडचा खटका सोडायला लावला, इकडचा स्वतः सोडला. मावशींनी पुरणपोळीचा नैवेद्य खटक्याच्या पेटीपुढं ठेवला, आणि नंतर तो बाळूनं खाल्ला. मग दोन्ही खटके परत लावले. लाईट आली ती टिकली.

बाळूनं मॅडमना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "होतं असं. कधी कधी पूर्ण बंद करून परत चालू केलं की व्यवस्थित चालतं."

मावशी शेजारीच होत्या. म्हणाल्या, "मी काय येगळं सांगत हुते?"

मॅडमचंही आता वळण बदललं होतं. त्यांच्या वरच्या साहेबांनी फोनवर विचारलं, पुढचा फाटा कधीपर्यंत होईल? मी तिथंच बसलो होतो. मॅडम म्हणाल्या, "सर, बारशाच्या आत."

*

फाटा झाला. माळावर बारकी डीपी बसली. बारशाला दोन्ही गावं जमली. सोनामावशी आयुष्यात पहिल्यांदा होडीत बसल्या. एका हातानं काठ धरलेला आणि दुसऱ्या हातात कुंची, म्हणजे तान्ह्या बाळाचं टोपडं. बाळूनं शिडी लावली, लाईट बंद असल्याची खात्री केली आणि ती कुंची डीपीवर बांधली. खाली पाळणा म्हणून साडीची झोळी बांधली होती. तिच्यात जुना मीटर ठेवून बायका पाळणा म्हणाल्या.

नाव आत्यानं ठेवायचं असतं. आत्या कुठून आणायची? तात्यांनी निकाल दिला, "नवरदेव कंपनीचा. मॅडम कंपनीच्या. म्हंजी भन झाली."

मॅडम आधी नको नको म्हणाल्या. मग पुढं आल्या, खांबाला तोंड लावलं आणि कुर्रर्र केलं. नाव त्यांनी ठरवलं नव्हतं. त्यांनी पाटीवर रंगवलेला डीपीचा नंबर वाचला, सगळा, मधल्या आडव्या रेघेसकट.

गेनबा म्हणाले, "नाव लांबडं हाय. पन शोभतंय."

मग तात्यांनी सगळ्यांच्या देखत डोहवाडीचं तांब्याभर पाणी मागितलं आणि उभ्यानं प्यायले. बाळूनं आमच्या गावाला फोन लावला. दुपारचे पंखे सुरू झाल्याचं तिकडून सांगितलं. दुकानदारानं फ्रीजचं दार उघडून आवाज ऐकवला म्हणे.

मी माळावरून खाली उतरून मंगलच्या घरी गेलो. होडी भरायला अजून वेळ होता. ओसरीवर बसलो, पिशवी शेजारी ठेवली. मंगलनं पेला आणून पुढं ठेवला, काठोकाठ भरलेला, नेहमीसारखा. आणि चौकटीला हात लावून उभी राहिली.

पलीकडच्या घरात कोणीतरी रेडिओ लावला होता. मी पेला उचलला. पाणी जरा मचूळ होतं, फुगवट्याचं असतं तसं. सगळं प्यायलो आणि पेला खाली ठेवला.

मंगल तशीच उभी होती.

मी विचारलं, "भाजी काय केलीस?"